रात्रीचा हिशेब: अपराधभाव फिटतो तो कसा?

दुपारी आईला तोडून बोललेला मुलगा संध्याकाळी तिच्याजवळ जातो आणि "चुकलं माझं" म्हणतो. आई म्हणते, "जाऊ दे रे, मी कधीच विसरले." ती खरोखर विसरलेली असते. तरी रात्री दिवा मालवल्यावर मुलाचा डोळा लागत नाही. माफी मागून झाली, मिळूनही गेली, टोचणी मात्र उरली. त्याच गावात सख्ख्या भावाच्या वाटणीची जमीन वर्षानुवर्षे दाबून बसलेला कोणी निर्धास्त झोपलेला असतो. अपराध आणि अपराधाची जाणीव यांचे प्रमाण असे उलटे का पडते? आणि क्षमा मिळाल्यावरही टोचणी का राहते? ख्रिस्ती परंपरेने या कोड्याचा विचार शतकानुशतके केला आणि त्यातून रोज रात्री करता येईल अशी एक साधी रीत घडवली. तिच्याकडे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की हे रोज स्वतःला दोष देत बसणे आहे. प्रत्यक्षात तिची रचना हिशेबाची आहे. नम्रता त्या हिशेबातला आकडा बरोबर मांडते, क्षमा तो आकडा सोडते आणि अपराधभावातून सुटका हे त्या दोन्हींचे फळ असते. तिन्ही एकाच यंत्राचे भाग आहेत. एक काढला की उरलेले दोन फिरत नाहीत, हे या लेखाचे म्हणणे आहे.

पाप की कर्ज?

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना शुभवर्तमानांत दोन ठिकाणी येते. लूकच्या अकराव्या अध्यायात पापांची क्षमा मागितली आहे, तर मत्तयाच्या सहाव्या अध्यायात त्याच जागी कर्जासाठीचा ग्रीक शब्द आहे. मराठी बायबलनेही तिथे 'ऋण' हाच शब्द ठेवला आहे. हा फरक कुठून आला, ते येशूच्या बोलीभाषेत पाहिले की उलगडते. अरामी भाषेत 'होबा' या एकाच शब्दाचा अर्थ कर्जही होतो आणि पापही. क्षमा करण्यासाठी ग्रीकमध्ये जे क्रियापद आले आहे, त्याचा मूळ अर्थ 'सोडून देणे' असा आहे. गालीलच्या कोळ्यांनी जाळी तिथेच टाकली आणि ते येशूच्या मागे निघाले, हे सांगतानाही मत्तय तेच क्रियापद वापरतो. मराठीलाही ही जोडी परकी नाही. कर्ज 'सोडतात', राग 'सोडतात', आणि ज्याचे काही चुकवायचे राहिले असेल त्याचे आपण 'देणे लागतो'.

अपराधाला कर्ज म्हटले, की दोन गोष्टी लगेच स्पष्ट होतात. पहिली अशी, की विसरल्याने कर्ज फिटत नाही. किराणा दुकानातली उधारी आपण विसरलो, तरी वाण्याच्या वहीत ती तशीच असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्वतःला शिक्षा केल्यानेही कर्ज फिटत नाही. वाण्याचे २०० रुपये द्यायचे असताना कोणी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, तर वाण्याच्या गल्ल्यात एक पैसाही पडत नाही. रात्र रात्र मनाला खाणे, स्वतःला नालायक म्हणणे, हे सगळे अशा थोबाडीत मारून घेण्यासारखे आहे. दुखते खूप, म्हणून काहीतरी फेडल्यासारखे वाटते. फिटलेले मात्र काहीच नसते, आणि म्हणूनच दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. कर्ज मिटण्याचे मार्ग दोनच आहेत. एकतर ते फेडायचे, नाहीतर ज्याचे आहे त्याने तोटा सोसून सोडायचे.

आता मुलाच्या कोड्याचा एक धागा हाती येतो. आईने तिच्या वहीतली नोंद खोडली, पण त्याच्या वहीतली तशीच राहिली, कारण नेमके काय चुकले हे त्याने लिहिलेच नव्हते. "चुकलं माझं" हा गोळाबेरीज आकडा झाला. तो एक शब्द होता, की आईचे बोलणे रोज मध्येच तोडायची सवय होती, हे त्याने पाहिलेले नाही. अस्पष्ट कर्ज मनात नेहमी खऱ्यापेक्षा मोठे दिसते. शिवाय ख्रिस्ती विचारानुसार प्रत्येक अपराधाला दोन धनको असतात. ज्याला दुखावले तो माणूस पहिला, आणि ज्याने त्या माणसाला घडवले तो देव दुसरा. आईकडचे खाते मिटले, दुसऱ्या खात्याकडे अजून कोणी वळलेलेच नाही.

नम्रता: तराजूचा पासंग

हिशेब मांडायचा, तर आधी तराजू सरळ हवा. रिकाम्या तराजूचे एक पारडे जड असले, तर त्यात किती का प्रामाणिकपणे तोला, वजन चुकतेच. या फरकाला आणि तो भरून काढणाऱ्या वजनाला आपल्याकडे पासंग म्हणतात. गर्व हा एका बाजूचा फरक आहे. त्यामुळे स्वतःचा अपराध हलका भरतो आणि दुसऱ्याचा जड. जमीन दाबून बसलेल्याच्या शांत झोपेचे कारण हेच. आत्मतिरस्कार हा दुसऱ्या बाजूचा फरक आहे. त्यामुळे क्षुल्लक चूकही मणाची होते. नम्रता म्हणजे हा फरक काढून काटा मधोमध आणणे. मी जेवढा आहे तेवढाच स्वतःला दिसणे, कमीही नाही आणि जास्तही नाही. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत तेरेसा यांनी नम्रतेचे नाते सत्याशी जोडले ते याच अर्थाने. लॅटिनमध्ये नम्रतेचा शब्द ज्या धातूपासून येतो, त्याच कुळात मातीचा शब्द आहे. ज्याचे पाय मातीवर आहेत त्याला स्वतःची उंची बरोबर कळते.

प्राचीन ग्रीक जगात 'नम्र' हा बहुधा हिणवण्याचा शब्द होता. हलक्या कुळाचा, लाचार, असा त्याचा रोख असे. ख्रिस्ती समूहांनी तो सद्गुणांच्या यादीत आणून बसवला. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, आणि ते करताना आपण गुरू व प्रभू आहोत हे तो नाकारत नाही, उलट स्पष्ट सांगतो. स्वतःची जागा पक्की ठाऊक असलेला माणूसच खाली बसून दुसऱ्याचे पाय धुऊ शकतो. सतत "मी कसा वाईट" म्हणणाऱ्याचे लक्ष मात्र अखेर 'मी'वरच खिळलेले असते. म्हणून आत्मतिरस्काराला नम्रता समजणे ही या वाटेवरची सर्वांत मोठी चूक ठरते.

मनरेसातला खडा

रोजच्या परीक्षणाची जी रीत आज जगभर सर्वाधिक माहीत आहे, ती ज्याने मांडली तो माणूस या चुकीतूनच गेला होता. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधल्या बास्क प्रांतातला सरदारपुत्र. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि बिछान्यावरच्या वाचनातून त्याचे आयुष्य पालटले. पुढच्या वर्षी मॉन्टसेराटच्या मठात त्याने तीन दिवस घेऊन सगळ्या आयुष्याची लेखी पापकबुली दिली. तेवढ्याने शांतता यायला हवी होती. पण जवळच्या मनरेसा गावी राहत असताना त्याला शंकांनी घेरले. अमुक पाप सांगायचे राहिले का, तमुक नीट सांगितले का? तो पुन्हा पुन्हा तीच पापे कबूल करू लागला. यातना इतक्या वाढल्या, की जीव देण्याचा विचारही मनात येऊन गेला. अखेर एका क्षणी त्याला उमगले, की हा आवाज बरे करणारा नाही. त्याने ठरवले, की जुनी पापे यापुढे कबूल करायची नाहीत. त्या निर्णयाबरोबर तो सुटला.

अशा अतिशंकेसाठीच्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ 'लहान टोकदार खडा' असा आहे. चपलेत खडा गेला, की माणूस लंगडतो, आणि वाट कितीही चांगली असली तरी त्याचे लक्ष पायाकडेच राहते. पुढे इग्नेशियसने या विषयावर टिपणे लिहिली. वाटेत दोन काड्या चुकून क्रूसासारख्या पडल्या होत्या, त्यावर पाय पडला, आता पाप लागले असे कोणाला वाटले, तर तो निवाडाच चुकीचा आहे, असे तो त्यांत समजावतो. त्याच काळात जर्मनीत मार्टिन लूथर हा तरुण संन्यासीही कबुलीजबाबाने न शमणाऱ्या अपराधभावाने पिळून निघाला होता. लूथर आपल्या लेखनाचा जाब द्यायला वर्म्सच्या शाही सभेपुढे उभा राहिला तो एप्रिल १५२१ मध्ये, म्हणजे पाम्प्लोनाच्या तोफगोळ्याआधी जेमतेम महिनाभर. दोघांच्या वाटा पुढे विरुद्ध दिशांना गेल्या. पण मोजून मोजून स्वतःला निर्दोष करता येत नाही आणि क्षमा ही आधी स्वीकारायची गोष्ट आहे, हे दोघांनाही कळून चुकले होते.

पाच पायऱ्या आणि त्यांचा क्रम

इग्नेशियसच्या 'अध्यात्मसाधना' या पुस्तिकेला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली. तीत दिलेल्या परीक्षणाच्या पायऱ्या पाच आहेत, आणि सगळी करामत त्यांच्या क्रमात आहे. पहिली पायरी कृतज्ञतेची आहे. अपराध शोधण्याआधी दिवसभरात काय मिळाले ते पाहायचे. असे का? कर्जबाजारी माणूस वही उघडायला घाबरतो. वही उघडणाऱ्याला घरात शिल्लकही आहे हे आधी दिसले, तर भीती कमी होते आणि नजर स्थिर होते. दुसऱ्या पायरीवर प्रकाश मागायचा, म्हणजे स्वतःच्या अपराधाचा न्यायाधीश एकट्याने व्हायचे नाही. तिसरी पायरी खऱ्या हिशेबाची. उठल्यापासून आतापर्यंत तासातासाने विचार, शब्द आणि कृती तपासायची. "मी वाईट आहे" हा निष्कर्ष इथे बसतच नाही. इथे फक्त "दुपारी दोन वाजता आईला असे म्हणालो" अशीच नोंद बसते. चौथ्या पायरीवर क्षमा मागायची आणि पाचव्यावर उद्यासाठी निश्चय करायचा. शेवटी प्रभूची प्रार्थना. म्हणजे ऋण सोडण्याच्या विनंतीनेच वही मिटायची.

याच पुस्तिकेत एकेका दोषासाठी आठवड्याचा तक्ताही आहे. प्रत्येक दिवसाला दोन रेघा, दुपारच्या आणि रात्रीच्या परीक्षणासाठी. जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. आज कालपेक्षा ठिपके कमी आहेत का, एवढेच पाहायचे. ठिपका लहान असतो, मोजता येतो आणि त्यावर रडत बसता येत नाही. धुक्यासारख्या अपराधभावाचे मोजता येईल अशा गोष्टीत रूपांतर करण्याची ही युक्ती आहे. इग्नेशियसने स्थापन केलेल्या येशूसंघात परीक्षण दिनक्रमाचाच भाग झाले. १५७९ मध्ये गोव्यात आलेला आणि पुढे मराठीत 'क्रिस्तपुराण' रचणारा फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचा. ते पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. म्हणजे ही रीत पाळणारी माणसे मराठीत लिहू लागून चारशे वर्षे उलटून गेली आहेत.

चौकट: रात्रीची पंधरा मिनिटे

१. आज मिळालेल्या दोन-तीन गोष्टी नेमक्या आठवून आभार माना.
२. स्वतःला खरे दिसावे म्हणून प्रकाश मागा.
३. दिवस तासातासाने पाहा. "मी कसा आहे" हे बाजूला ठेवून "मी काय केले" तेवढेच नोंदवा.
४. झालेल्या चुकीची क्षमा मागा, आणि तुमचे कोणी देणे लागत असेल तर तेही सोडता येते का ते पाहा.
५. उद्यासाठी एकच लहान, करता येईल अशी दुरुस्ती ठरवा आणि वही मिटवा.
लक्षात ठेवा: परीक्षणानंतर मन रोज अधिकच अंधारत असेल, तर अनुभवी मार्गदर्शकाशी बोला. जीव नकोसा वाटत असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

पेत्र आणि यहूदा

"काय केले" आणि "कसा आहे" यांतला फरक मानसशास्त्रालाही महत्त्वाचा वाटतो. हेलन ब्लॉक लुइस यांनी १९७१ मध्ये अपराधभाव आणि लाज यांची अशी फारकत केली, आणि जून टँगनी यांच्यासारख्या संशोधकांनी ती पुढे तपासली. कृतीबद्दल वाटणारा अपराधभाव माणसाला माफी मागायला, भरपाई करायला प्रवृत्त करतो. सबंध स्वतःबद्दल वाटणारी लाज त्याला लपायला, किंवा उलटून दुसऱ्यावर दोष ढकलायला लावते. शुभवर्तमानांत हे दोन्ही एकाच रात्रीच्या कथेत आले आहे. येशूला अटक झाल्यावर पेत्र या शिष्याने त्याची ओळख तीनदा नाकारली. यहूदा या दुसऱ्या शिष्याने त्याला ३० चांदीच्या नाण्यांना धरून दिले होते. पश्चात्ताप दोघांनाही झाला. यहूदाने तर पैसे परत केले आणि निर्दोष माणसाचा घात केल्याचे उघड कबूलही केले. पण ज्यांच्याकडे तो गेला त्यांनी त्याला झिडकारले, आणि तो एकटाच आपल्या अपराधासह निघून गेला. पेत्र रडला, पण सोबत्यांतच राहिला. योहानाच्या वृत्तांतात कोळशांच्या शेकोटीचा खास ग्रीक शब्द दोनदाच येतो. एकदा पेत्र नाकारतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा पुनरुत्थित येशू त्याला सरोवराकाठी न्याहारीला बोलावतो तेव्हा. तिथे त्याला तीनदा विचारले जाते, की तू माझ्यावर प्रेम करतोस का. जितक्या वेळा नाकारले, तितक्या वेळा दुरुस्ती. अपराध नेमका आठवून दिला जातो आणि लगेच काम सोपवले जाते. यहूदाला गळफास घेण्यापर्यंत नेणारी गोष्ट अपराधाचा आकार होती असे कथा सांगत नाही. त्याला क्षमा करू शकणाऱ्या कोणाकडे तो पोहोचलाच नाही.

दहा हजार टॅलंट

क्षमेचा खर्च कोण सोसतो, याचे उत्तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात आहे. एका चाकरावर राजाचे १०,००० टॅलंट कर्ज आहे. टॅलंट म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीएवढे, सुट्टी न घेता दीड लाखाहून अधिक वर्षे राबावे लागेल इतके. इतिहासकार जोसेफस सांगतो, की हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून वर्षाला २०० टॅलंट महसूल मिळे. त्या मापाने हा दोन प्रांतांचा पन्नास वर्षांचा महसूल होतो. राजा ते सोडतो. तोच चाकर बाहेर पडून १०० दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दोन्ही कर्जांचे प्रमाण सहा लाखांना एक असे आहे. दाखल्याचा रोख असा, की सोबत्याचे देणे खोटे नाही, १०० दिवसांची मजुरी ही खरी रक्कम आहे. पण आपल्याला काय सोडले गेले याचा विसर पडला, की ती रक्कम आभाळाएवढी दिसू लागते.

आधुनिक प्रयोगांशी हे जुळते. मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी क्षमेची पायरीपायरीने जाणारी पद्धत बनवली आहे. तीत एक पायरी अशी, की स्वतःला कोणी क्षमा केली होती तो प्रसंग आठवायचा आणि तशीच भेट दुसऱ्याला द्यायची. ही पद्धत असलेली स्वाध्यायपुस्तिका कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन इथल्या ४,५९८ लोकांवर तपासली गेली. ती वापरणाऱ्यांत मनातली अढी कमी झाली आणि नैराश्य व चिंतेची लक्षणेही उतरली. क्षमा मिळाल्याची आठवण क्षमा देण्याचे बळ देते, ही दाखल्यातली कार्यपद्धतीच इथे कामाला आली आहे. पण मग धनको हयात नसेल तर? वडिलांना शेवटी भेटायला न गेलेल्याचे कर्ज कोण सोडणार? ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर दुसऱ्या धनकोत आहे. ज्याला भेटता येत नाही त्याचेही देणे सोडण्याचा अधिकार देवाकडे आहे, आणि त्याचा तोटा त्याने क्रूसावर स्वतः सोसला आहे. ही श्रद्धा नसलेल्यालाही एवढे पटेल, की न फिटणाऱ्या कर्जासाठी कोणीतरी तोटा सोसणारा लागतो.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप न्यायाचा आहे. रोज क्षमा शिकवली, तर अन्याय करणाऱ्याचे फावेल आणि सोसणाऱ्यावरच दुहेरी ओझे पडेल. ही भीती खरी आहे, आणि क्षमेच्या नावाखाली पीडितांना गप्प बसवले गेल्याचे दाखले चर्चच्या इतिहासातही आहेत. पण क्षमा, शिक्षा आणि समेट ही तीन वेगळी खाती आहेत. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जाळून मारली गेली. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले, खटला मात्र चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम ठेवली. सूड त्यांनी सोडला, न्याय राज्यसंस्थेकडे राहिला. शिवाय भरपाई टाळून क्षमा मागता येत नाही, हे शुभवर्तमानातच आहे. जक्कय हा जकातदार फसवून घेतलेले चौपट परत करायची तयारी दाखवतो. वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करून यायला येशू सांगतो. फेडता येईल ते फेडायचेच असते. क्षमा उरलेल्यासाठी असते.

दुसरा आक्षेप मनरेसाचाच आहे. रोज तपासत राहिले तर खडे वाढतील. याचे उत्तर रीतीच्या रचनेत आहे. परीक्षणाला वेळेची मर्यादा आहे, सुरुवात कृतज्ञतेने आहे आणि शेवट उद्याकडे आहे. या तीन कुंपणांपैकी एक तुटले, की रीत आजार बनते. म्हणून ज्याला अतिशंकेचा त्रास आहे त्याला अनुभवी धर्मगुरू वही उघडण्यापेक्षा ती मिटवायला शिकवतात.

तिसरा आक्षेप जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचा. जर्मन भाषेतही अपराध आणि कर्ज यांचा शब्द एकच आहे, हे दाखवून १८८७ मध्ये त्याने लिहिले, की देवाचे न फिटणारे कर्ज ही माणसाला आतून छळणारी कल्पना आहे. धर्माने हा छळ कधी केला नाही असे म्हणता येत नाही. शिक्षा कमी करण्याच्या चिठ्ठ्या विकल्या जात होत्या आणि त्याविरुद्धच लूथर १५१७ मध्ये उभा राहिला. पण प्रार्थनेतले कर्ज फेडण्यासाठी मांडलेलेच नाही, सोडण्यासाठी मांडले आहे. ज्या परीक्षणाने माणूस भाऊबंदांकडे जाऊन दुरुस्ती करतो, ते खरे. ज्याने तो नुसता कुढतो, ते बिघडलेले. एवढी कसोटी नीत्शेच्या वाचकालाही वापरता येते.

भाकरीच्या शेजारी

आता त्या दोघांकडे परत येऊ. जमीन दाबून बसलेल्याला क्षमेच्या आधी तराजू लागेल, कारण काटा सरळ झाल्याखेरीज त्याला आपले कर्ज दिसणारच नाही. दिसले, की त्याला पहिल्यांदा झोप येणार नाही, आणि ती टोचणी त्याच्यासाठी औषध असेल. त्यानंतर जमीन परत द्यावी लागेल. मुलाची गरज वेगळी आहे. त्याने एक ओळ नेमकी लिहावी, दुसऱ्या खात्याकडेही ती मांडावी, उद्या आई बोलत असताना मध्ये न बोलण्याचे ठरवावे आणि वही मिटवावी. रात्रभर जागून तो आईला काहीच देत नाही. उद्या दुपारी तिचे वाक्य पुरे होऊ दिले, तर देतो.

हे सगळे रोज का करायचे, तेही प्रार्थनेच्या मांडणीत आहे. ऋण सोडण्याच्या मागणीच्या अगदी आधी आजच्या भाकरीची मागणी आहे. काल पोटभर जेवलो म्हणून आज कोणी चूल बंद ठेवत नाही, आणि महिन्याभराचे एकदम जेवूनही ठेवत नाही. उधारीचेही तसेच आहे. त्या त्या दिवशी ती पाहिली, की पंधरा मिनिटांत पाहून होते.